बर्थ कुठे असतो?

भारतीय रेल्वेच्या संगणकात गोंदिया जंक्शनचे नाव एका अक्षरात मावते : जी. हावड्याहून निघालेल्या मुंबई मेलला इथवर यायला सुमारे हजार किलोमीटर पडतात आणि इथून मुंबई साडेनऊशेच्या थोडी वर उरते. म्हणजे देशातल्या एका थोर लोहमार्गाच्या जवळजवळ मधोमध हे शहर आहे. तरीही इथून प्रवास सुरू करणाऱ्याच्या तिकिटावर पुष्कळदा आरएलडब्ल्यूएल अशी अक्षरे असतात : रिमोट लोकेशन वेटिंग लिस्ट, दूरच्या ठिकाणाची प्रतीक्षा यादी. मार्गाच्या मध्यावरचे शहर दूरचे कसे ठरते? रुळांच्या मापाने हे कोडे सुटत नाही. गाडीतला बर्थ कुठे राहतो आणि त्याच्यापर्यंत कोणाचा शब्द कोणत्या वाटेने पोचतो, हे पाहिले की सुटते.

बर्थ गाडीत असतो, हे उत्तर प्रवासाच्या रात्रीपुरते खरे आहे. त्याआधीचे साठ दिवस तो एका संगणकात असतो. रेल्वेच्या आरक्षण व्यवस्थेची पाच केंद्रे आहेत : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. प्रत्येक गाडीचा हिशेब यांपैकी एकाच केंद्रात ठेवलेला असतो. गोंदियाच्या माणसाने एकाच खिडकीवर, एकाच वेळी, जाण्यासाठी हावडा–मुंबई मेलचे आणि परत येण्यासाठी मुंबईहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट काढले, तर दोन्ही कागद एकाच प्रिंटरमधून बाहेर येतात. अक्षरे तशीच फिकट, कागद तोच. पण दहा अंकी पीएनआर जवळ धरून पाहावा. पहिल्याचा पहिला अंक साधारणपणे सहा किंवा सात असतो, दुसऱ्याचा आठ किंवा नऊ. सहा-सात म्हणजे कोलकाता, आठ-नऊ म्हणजे मुंबई. एक कागद पूर्वेकडे हजार किलोमीटर जाऊन आला आहे, दुसरा पश्चिमेकडे जवळजवळ तेवढाच. खिडकीवरच्या बाबूने दोन्हींसाठी बोटे सारखीच चालवली; आपली मागणी कुठे गेली, हे ठरवण्याची गरज त्याला पडली नाही.

अंतर असे नाहीसे करून दाखवणे, हा वितरित ऑपरेटिंग सिस्टीमचा मूळ ध्यास. अनेक यंत्रे, अनेक गावे, आणि वापरणाऱ्याला मात्र एकच यंत्र समोर असल्यासारखे वाटावे. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीस वर्षे जगातल्या काही उत्तम विद्यापीठांनी या ध्यासापायी आपली बुद्धी खर्च केली, आणि त्यातल्या अनेकांना वाट सापडली ती ऑब्जेक्टच्या कल्पनेत. मला ही कल्पना संगणकशास्त्रातल्या सर्वांत सभ्य कल्पनांपैकी एक वाटते. तिचे म्हणणे थोडके आहे. माहिती उघड्यावर ठेवू नका. ज्या माहितीचे नियम असतात, ती त्या नियमांसकट एका घरात बंद करा. बाहेरच्याने घरात हात घालायचा नाही; दारात उभे राहून मागणी करायची. आत काय कसे ठेवले आहे याची चौकशी करायची नाही, आणि घर कोणत्या गावी आहे हेही विचारायचे नाही.

कल्पनेचा उगम नॉर्वेत आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६०च्या दशकात ऑस्लो इथे सिम्युला ही भाषा रचली, ती खऱ्या जगातल्या हालचालींची नक्कल संगणकात करून पाहण्यासाठी. भाषेतून ही कल्पना ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शिरली. कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रा बांधली. तिच्यात यंत्रातली प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट होती आणि ती वापरायची तर हाती तिचा परवाना हवा. मग १९८०च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात ईडन आणि एमराल्ड, जॉर्जिया टेकमध्ये क्लाउड्स, एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांची आर्गस, ॲमस्टरडॅमला अँड्र्यू टॅनेनबॉम यांची अमीबा. ही नावे आज बाजारात कुठेही दिसत नाहीत. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र रोज सकाळी आठ वाजता, आरक्षण उघडते तेव्हा, गोंदियाच्या खिडकीवर हजर असतात.

संगणकावरच्या आरक्षणाआधीचा काळ आठवणारी माणसे अजून आहेत. तेव्हा आरक्षण म्हणजे जाड रजिस्टर. गाडी जिथून सुटते तिथे तिचे रजिस्टर, आणि मधल्या मोठ्या स्थानकांना वाटून दिलेला बर्थांचा कोटा. आपला कोटा संपला की सुटणाऱ्या स्थानकाला तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. परतीचे तिकीट हवे असेल तर तेच. या पद्धतीचा दोष कोणाच्या आळसात नव्हता. एकच वस्तू तुकडे करून ठिकठिकाणी ठेवली की प्रत्येक तुकडा आंधळा होतो. एका स्थानकाचा बर्थ रिकामा धावतो आणि पुढच्या स्थानकावर माणूस रात्रभर उभ्याने प्रवास करतो. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

१९८५ साली दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीने इंप्रेस ही संगणकीय आरक्षण प्रणाली सुरू केली. पुढच्या वर्षी रेल्वेने क्रिस ही स्वतःची माहितीसंस्था काढली. मोठ्या शहरांत केंद्रे उभी राहिली, पण सुरुवातीला ती एकमेकांशी बोलत नव्हती. मुंबईच्या खिडकीवर मुंबईच्या केंद्रातल्याच गाड्या. ती बोलू लागली कॉन्सर्ट या पुढच्या प्रणालीमुळे, आणि १९९९ साली पाचही केंद्रे जोडली गेली. त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. जिल्हा मुख्यालय जवळ आले त्याच वर्षी देशातली कुठलीही गाडीही खिडकीपाशी आली. पहिली गोष्ट वाजतगाजत झाली. दुसरीची दखल कोणी फारशी घेतली नाही, आणि माझ्या मते तिचे मोल पहिलीहून कमी नाही.

कॉन्सर्ट ऑब्जेक्टच्या भाषेत लिहिलेली नाही. सी आणि फोर्ट्रान, खाली ओपनव्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम, आणि मधे निरोप्याचे काम करणारा रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर : सगळी जुन्या पठडीची, दणकट सामग्री. पण रचनेकडे पाहा. गाडी ही वस्तू. तिचे डबे, बर्थ, कोटे, प्रतीक्षा यादी ही तिची आतली अवस्था. ती अवस्था बदलण्याचे मोजके मार्ग : जागा आहे का ते सांग, आरक्षण कर, रद्द कर, चार्ट लाव. गोंदियाचा बाबू तेवीस नंबरचा बर्थ उचलून देऊ शकत नाही. तो खालचा बर्थ मागू शकतो, देणारी गाडी. आठ वाजता कोल्हापूर, पुणे, नागपूर आणि गोंदिया एकाच बर्थवर तुटून पडले तरी केंद्रात मागण्या रांगेला लागतात, एकीचे उत्तर पूर्ण होते, मग दुसरीकडे वळायचे. एमराल्डच्या कर्त्यांनी ऑब्जेक्टच्या पोटात जो पहारेकरी बसवला होता, त्याचे काम हेच. भाषा कोणती हा तपशील राहतो. शिस्त तीच आहे.

क्लाउड्सच्या रचनेत एक सुंदर गोष्ट होती. तिथले ऑब्जेक्ट स्वतः काही करत नसत, आपापल्या जागी स्वस्थ पडून असत. फिरायचा तो कामाचा धागा : एका यंत्रावर सुरू होई, दुसऱ्या यंत्रावरच्या ऑब्जेक्टमध्ये शिरे, काम करी, निघून पुढे जाई. ऑब्जेक्ट टिकाऊ असल्यामुळे वेगळ्या फायलींची गरजच उरत नसे. ईडनने उलटी वाट धरली. तिचा प्रत्येक ऑब्जेक्ट जिवंत, मागणी आली की स्वतः हातपाय हलवणारा; आणि यंत्र बंद पडण्याआधी आपली अवस्था लिहून ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच. लिहून ठेवून तो झोपी जाई आणि पुढची मागणी आली की जागा होई. रेल्वेची आरक्षण व्यवस्था रात्री पावणेबारापासून अर्धा-पाऊण तास बंद असते, त्यामागे हीच गरज आहे. दिवसभराचा हिशेब जुळवून, पक्का करून मगच पुढची तारीख उघडायची.

अमीबाचे परवाने मला पीएनआरच्या शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. त्या परवान्यात १२८ बिट असत. त्यातले ४८ सांगत हा ऑब्जेक्ट कोणाच्या ताब्यात आहे, २४ सांगत त्याच्याकडचा कितवा, ८ बिटांत तुम्हाला काय काय करण्याचा हक्क आहे ते, आणि उरलेले ४८ म्हणजे परवाना बनावट नाही याची खूण. पीएनआरमध्ये घर कळते, क्रमांक कळतो. हक्क आणि खूण त्यात नाहीत. म्हणून पीएनआर ठाऊक असलेला कोणीही तिकिटाची स्थिती पाहू शकतो, पण खिडकीवर रद्द करायला मूळ कागदच लागतो. हक्क अंकांत मावला नाही म्हणून तो कागदाच्या अंगावर ठेवला. चार दशके कोट्यवधी माणसांनी हा परवाना खिशात बाळगून प्रवास केला. ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेला एवढी कसोटी कधी लाभली नसती.

दोन वेगळ्या घडणीची यंत्रे एकमेकांशी बोलायची तर दारावर काय ठेवायचे, हा प्रश्न गोंदियाने संगणकाच्या फार आधी भोगलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालाघाट-नैनपूरकडून जबलपूरला जाणारी सातपुड्यातली अरुंद लाइन इथे येऊन मोठ्या लाइनला मिळाली. माल तोच, पण रूळ वेगळे. प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरायचे आणि दुसरीत चढायचे. ऑब्जेक्टच्या दारात तेच चालते. इकडच्या यंत्रात संख्या एका रीतीने मांडलेली, तिकडच्यात दुसऱ्या. मग मागणी उतरवून ठरलेल्या मापात बांधायची, पाठवायची, तिकडे पुन्हा सोडवायची. शंभर वर्षांनी सातपुड्याची लाइन मोठी झाली आणि हमालांची ती चढउतार संपली. संगणकात ती अजून चालूच आहे, आणि तिला लागणारा वेळ कोणीतरी भरतच असतो.

वेळाची गोष्ट निघालीच आहे तर हिशेब करून टाकू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गोंदिया ते मुंबई जवळजवळ हजार किलोमीटर. जायला पाच मिलिसेकंद, यायला पाच. मधली उपकरणे त्यात आणखी भर घालतात ती वेगळीच. यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीतून एक आकडा उचलायला लागतो तो सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढा वेळ. म्हणजे जवळची वस्तू आणि मुंबईची वस्तू यांत लाख पटींचा फरक आहे. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला दहा मिलिसेकंद जाणवत नाहीत. पण एखाद्या कामात अशा हजार फेऱ्या पडल्या तर दहा सेकंद गेले. म्हणून दूरच्या ऑब्जेक्टला बारीकसारीक प्रश्न विचारत बसायचे नसते. एकदाच, नेमके, सगळे मिळून मागायचे असते. आरक्षणाचा छापील फॉर्म ही अशीच मागणी आहे. गाडी, तारीख, वर्ग, कुठून कुठे, नावे, वये, खालचा बर्थ हवा का, सगळे एका कागदावर.

वेळ सोसता येतो. खरी अडचण दुसरीच आहे, आणि पूर्व विदर्भात तिचे नाव पोराटोरांनाही ठाऊक आहे. बँकेत, रेशनच्या दुकानात, दाखले मिळतात त्या केंद्रात, उन्हातान्हात आलेल्या माणसाला तोंडावर ऐकायला मिळतात ते शब्द : लिंक नाही. एकच यंत्र असते तर ते चालले असते किंवा बंद पडले असते. इथे खिडकी चालू आहे, मुंबईही चालू आहे, फक्त मधला धागा तुटला आहे. समजा, मागणी गेली आणि उत्तर आले नाही. मागणीच वाटेत हरवली, की बर्थ देऊन झाला आणि उत्तर हरवले? खिडकीकडून पाहिले तर दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. पुन्हा मागावे तर दोन बर्थ निघायचे, न मागावे तर एकही नाही. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बिरेल आणि नेल्सन यांनी १९८४ साली दूरच्या कामाची मागणी कशी करावी याची रीत घालून दिली, तेव्हा त्यांना हीच गाठ पडली. त्यांचा उपाय असा की प्रत्येक मागणीला तिची खूण द्यायची, म्हणजे तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर ओळखता येते आणि काम दोनदा होत नाही. आर्गसने पुढचे पाऊल टाकले. तिच्या ऑब्जेक्टना लिस्कोव्ह यांनी गार्डियन म्हटले, पालक. यंत्र कोसळून पुन्हा उठले तरी पालकाला आपला शब्द आठवला पाहिजे, आणि काम एक तर पूर्ण होईल किंवा मुळीच झालेले नसेल. पैसे कापले आणि तिकीट नाही, ही मधली अवस्था आर्गसच्या जगात अधर्म होती. आपल्या फोनवर ती अजूनही घडते, आणि पैसे परत येईपर्यंतचे दिवस ज्याच्या खात्यात मोजकेच पैसे असतात त्याला लांब वाटतात.

१९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वॉल्डो आणि तीन सहकाऱ्यांनी एक टिपण लिहून या साऱ्या परंपरेला रोखठोक सुनावले. त्यांचे म्हणणे असे : जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट सारखाच आहे असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला भासवणे ही चूक आहे, वेळ, स्मृती, अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी येणाऱ्या मागण्या या चार गोष्टींत ते मुळातच वेगळे आहेत आणि कोणतीही चतुर रचना तो भेद पुसू शकत नाही. हे टिपण आल्यावर अनेकांनी मान डोलावून अंतर लपवण्याचा ध्यासच सोडून दिला. माझे मत इथे थोडे वेगळे पडते. वॉल्डो यांचे बोलणे रचणाऱ्यासाठी खरे आहे, अगदी शब्दशः. पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी अंतर लपवणे हे मला न्यायाचे काम वाटते. सालेकसा तालुक्यातून आलेल्या मुलीला पुण्याच्या वसतिगृहातून दिवाळीला घरी यायचे असेल, तर तिच्या बापाने गोंदियात केलेली मागणी आणि पुण्याच्या खिडकीवर झालेली मागणी यांना गाडीच्या दारात एकच मान मिळाला पाहिजे. १९९९ नंतर तो मिळाला. ज्यांनी तो मिळवून दिला त्यांनी अंतर क्षणभरही विसरून चालणार नव्हते. म्हणूनच बाकीच्यांना ते विसरता आले.

हा न्याय पुरा झालेला नाही. आरएलडब्ल्यूएलची अक्षरे त्याची साक्ष आहेत. मागणीला दारात सारखा मान मिळतो, पण घरातले नियम सारखे नाहीत. गाडीच्या आतल्या अवस्थेत कोटे तसेच आहेत : सुटणाऱ्या स्थानकाचा मोठा, मधल्यांचे लहान. मधल्या स्थानकाच्या यादीतला माणूस पुढे सरकतो तो मुख्यतः त्याच लहान कोट्यातले कोणी रद्द केले तर. मुख्य यादी भराभर हलत असताना ही जागची हलत नाही. जुन्या रजिस्टरांचे तुकडे एका घरात आणून ठेवले, पण तुकड्यांमधल्या भिंती घरातही उभ्या राहिल्या. कोटे मुळातच वाईट असे मी म्हणत नाही. ते नसते तर हावडा आणि मुंबईच सगळे बर्थ घेऊन गेले असते आणि गोंदियाला काहीच उरले नसते. पण हा प्रश्न संगणकाचा उरलेला नाही आणि तो संगणकावर ढकलला जाऊ नये. बाहेरून दारे कितीही सरळ असली तरी आतले नियम कोणीतरी माणूसच लिहितो. ऑब्जेक्टची भिंत ते नियम नजरेआड ठेवते, आणि हा तिचा गुण इथे दोष होतो. प्रतीक्षा यादी कशी हलते, हे तिच्यात अडकलेल्याला वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत खिडकीशेजारी लावलेले असायला हवे.

आणि मग चार्ट लागतो. इतके दिवस मुंबईत किंवा कोलकात्यात स्थिर असलेली गाडीची अवस्था त्या क्षणी उठून खरोखरच्या गाडीत जाते. एमराल्डचे मोठे वैशिष्ट्य हेच होते की तिचा ऑब्जेक्ट चालू कामासकट एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शके, आणि जिथून गेला तिथे नवा पत्ता ठेवून जाई, म्हणजे मागून येणाऱ्याला शोधता येई. पूर्वी ही अवस्था डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर आणि टीटीईच्या हातातल्या यादीवर उतरे. नवा पत्ता कोणाकडेच नसे. गाडी सुटली की केंद्राला रिकाम्या बर्थचे काही कळत नसे. आता टीटीईच्या हाती छोटे यंत्र दिले जात आहे, त्यावर न आलेल्या प्रवाशाची खूण केली की बर्थ पुढच्याला देता येतो आणि केंद्रालाही कळवता येते.

पण मुंबईहून हावड्याकडे निघालेली मेल गोंदिया सोडते, आमगाव, सालेकसा मागे टाकते आणि दरेकसाच्या जंगलात शिरते. अशा डोंगराळ पट्ट्यात नेटवर्क गेले तर टीटीईच्या हातात एक अवस्था असते आणि मुंबईच्या केंद्रात दुसरी. रिकाम्या बर्थजवळ म्हातारी उभी आहे आणि केंद्राला विचारता येत नाही. इथे सत्ता कोणाची, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. मी रचणारा असतो तर त्या तासापुरती ती पूर्णपणे टीटीईला दिली असती, कारण बर्थ आणि म्हातारी दोघेही त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. गाडी घाट ओलांडून डोंगरगडला पोचली, लिंक आली, की मुंबईच्या केंद्राने टीटीईच्या हातातली यादी खरी मानावी आणि आपली दुरुस्त करून घ्यावी.